घोषणा पुरे, वित्तीय ज्ञापन दाखवा!



अधिवेशन उरकले की आमदार मतदारसंघात परततात. शाल-श्रीफळ होते, हार होतात आणि साहेब माईकवरून सांगतात की तुमच्यासाठी आम्ही सभागृह दणाणून सोडले. टाळ्या पडतात. त्या ओसरल्या की आम्ही अलीकडे एकच प्रश्न विचारतो. दणाणून सोडलेत ते चांगलेच केलेत. पण साहेब, विधेयकाच्या मागे जोडलेले वित्तीय ज्ञापन वाचलेत का? साहेब स्वीय सहायकाकडे पाहतात. स्वीय सहायक मोबाईलकडे पाहतो.

प्रश्न टवाळीचा नाही. कापसाचा भाव, ज्वारीची सरकारी खरेदी, पीकविमा, कर्जमाफी, रोजगार हमीची मजुरी यातली प्रत्येक गोष्ट शेवटी एका ठिकाणी येऊन अडते. सरकारी तिजोरीतून, म्हणजे राज्याच्या एकत्रित निधीतून, पैसा बाहेर पडणार की नाही? तो बाहेर काढण्याची रीत संविधानात लिहून ठेवली आहे. ती रीत मंत्रालयातल्या कारकुनाला पाठ आहे, साखर कारखानदाराला पाठ आहे, ठेकेदाराला तर झोपेतही येते. कोरडवाहू कास्तकाराला मात्र ती कोणी सांगितली नाही, आणि आपणही विचारली नाही. म्हणून आपली बोळवण घोषणेवर होते.

रीत समजून घेऊ. विधेयकाची कलमे संपली की मागे दोन-तीन पाने असतात. उद्देश व कारणे यांचे निवेदन, सरकारला नियम करण्याचे अधिकार कुठे दिलेत त्याचे ज्ञापन, आणि वित्तीय ज्ञापन. या कायद्याने सरकारवर खर्च पडणार का, पडला तर किती आणि कशातून, हे त्या शेवटच्या कागदात लिहायचे असते. कोणतेही विधेयक हाती आले की आमच्या लोकांनी आधी तो कागद उघडावा. शेतकी कॉलेजात आम्हाला शिकवले होते की पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि किती मोड येतात ते मोजा. पिशवीवरचे चित्र पाहून बियाणे घेऊ नका. विधेयकाचे नाव हे पिशवीवरचे चित्र आहे. त्यात बळीराजा असतो, सन्मान असतो, महापुरुषांची नावे असतात. मोड मोजायचे ते वित्तीय ज्ञापनात.

आता त्यापुढची गंमत पाहा. संविधानाचा अनुच्छेद २०७ म्हणतो की ज्या विधेयकामुळे एकत्रित निधीतून खर्च होणार असेल, ते राज्यपालांच्या शिफारशीशिवाय सभागृहाला मंजूर करता येत नाही. राज्यपालांची शिफारस म्हणजे मंत्रिमंडळाची मर्जी. मंत्रिमंडळाच्या आधी वित्त विभागाचा शेरा. अनुच्छेद २०३ म्हणतो की खात्यांच्या खर्चाच्या मागण्या विधानसभेपुढे आल्या की विधानसभा त्या मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकते असे तिथे लिहिलेले नाही. म्हणजे तुमचा आमदार, मग तो वाघ असो की सिंह, कापूस उत्पादकांच्या तरतुदीत एक रुपयाची वाढ करू शकत नाही. त्याला मिळते कपात सूचना. विधान परिषदेचे हात तर त्याहून तोकडे. धन विधेयक तिने चौदा दिवसांत परत पाठवायचे, तिच्या शिफारशी मानायच्या की नाही हे विधानसभा ठरवणार.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडल्यावर आपण जे मोर्चे काढतो, ते खळे उरकल्यावर कणसे वेचायला जाण्यासारखे आहे. आकडे त्याआधी कित्येक महिने खात्यांच्या टेबलावर ठरून गेलेले असतात. सभागृहात उरते ती चर्चा. त्या चर्चेचेही दिवस नेमलेले. शेवटच्या दिवशी ठरलेली वेळ झाली की अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. याला गिलोटीन म्हणतात, फ्रान्समध्ये मुंडकी उडवायला जे यंत्र वापरत त्याचेच नाव. चर्चा न झालेल्या खात्यांचे हजारो कोटी 'होय'च्या एका आवाजात मंजूर होतात. त्यात तुमचे जलसंधारणही असू शकते, तुमचे पणनही.

आणि मार्चचा अर्थसंकल्प तरी शेवटचा असतो का? २८ जून २०२४ रोजी राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प विधिमंडळात मांडला गेला. त्यानंतर अकराव्या दिवशी, ९ जुलैला, ९४ हजार ८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या. पुरवणी मागणी म्हणजे वर्षाच्या मध्ये लागलेला जास्तीचा खर्च. ओला दुष्काळ पडला, बोंडअळी आली, त्यासाठी ती सोय आहे. अकरा दिवसांत कोणती अळी पडली होती? त्यातले २५ हजार कोटी लाडकी बहीण योजनेचे होते. ते आमच्याच घरातल्या बायाबापड्यांच्या खात्यात गेले, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार ही की एवढा पैसा अर्थसंकल्पाच्या मागच्या दाराने येतो आणि त्याची छाननी करायला कोणाला ना वेळ ना इच्छा. पुढच्या वर्षी, ३० जून २०२५ ला, पुन्हा ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या. मूळ तरतूदच पुरती खर्च झालेली नसताना पुरवणी पैसा घेऊन ठेवला जातो, असे ताशेरे महालेखापालांच्या अहवालांत वर्षानुवर्षे येतात. ते अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवले जातात. बॅगा भरलेल्या असतात तेव्हा.

काही मित्र म्हणतात, कास्तकाराला या भानगडी कशाला? पैसा मिळाल्याशी मतलब. मग २०२४ च्या कापसाचेच उदाहरण घेऊ. खरीप २०२३ च्या कापूस-सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी पाच हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत, एकूण सुमारे ४ हजार १९४ कोटी. शासन निर्णय निघाला जुलै २०२४ च्या अखेरीस, पैसे सुटायला लागले सप्टेंबरच्या अखेरीस. जून २०२३ मध्ये पेरलेल्या कापसाची मदत पुढच्या कापसाची बोंडे फुटायच्या वेळी आली, आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. कोणाला मिळाली? ज्याच्या सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद होती त्याला. ज्याच्या शिवारात मोबाईलला रेंज नव्हती त्याला तलाठ्याने हात वर करून दाखवले. या सगळ्याचा कायदा कुठे आहे? कुठेही नाही. शासन निर्णय होता. सरकारच्या मनात आले म्हणून दिले, पुढच्या हंगामात मनात आले नाही तर कोर्टात जायलाही आधार नाही.

२०१७ ची कर्जमाफीही तशीच. २४ जून २०१७ ला ३४ हजार २२ कोटींची घोषणा झाली. जुलैच्या पुरवणी मागण्यांत त्यासाठी २० हजार कोटी, डिसेंबरात नागपूरला आणखी १५ हजार कोटी. विधानसभेने पैसा मंजूर केला, बेरीज पुरी झाली. पण कोणाला द्यायचा, कोणाला वगळायचे, ऑनलाइन अर्ज, नवरा-बायको दोघांचे आधार, कुटुंबाला दीड लाखाची मर्यादा, हे सगळे शासन निर्णयांत ठरले. सभागृहाने अटींवर मत दिले नाही. प्रत्यक्षात खात्यांवर गेलेली रक्कम घोषणेच्या बरीच खाली राहिली. मंजुरी म्हणजे परवानगी, चुकारा नव्हे. हा फरक एकाधिकार खरेदीच्या काळात चुकाऱ्यासाठी महिनोन्महिने थांबलेल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही.

याच राज्यात उलट काम कसे करता येते तेही करून दाखवलेले आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग सुरू केला. १९७२ चा दुष्काळ आला, आमच्या आई-बापांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले. त्या अनुभवावर १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या कायद्याची खुबी ही की पैसा कुठून येणार ते आधी ठरले. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. पगारदाराच्या, डॉक्टर-वकिलाच्या कमाईतून तो कापला जाऊ लागला. मोटारींवर, विक्रीकरावर, ओलिताच्या शेतीवर, शहरातल्या बिगरराहत्या जमिनींवर जादा आकारणी. जेवढे जमेल तेवढीच भर राज्य सरकारने घालायची, आणि सगळे रोजगार हमी निधीत. कायद्यात हक्क होता, हक्काच्या शेजारी निधी होता, निधीच्या शेजारी कर होता. विधिमंडळाची त्यासाठी स्वतंत्र समितीही झाली. जमा झालेला पैसा पुरता योजनेवर गेला नाही, हा डाग आहेच. पण आपण बोट ठेवून सांगू शकत होतो की पैसा या कलमाचा आहे आणि तुम्ही तो दुसरीकडे नेला. हेक्टरी पाच हजाराबद्दल कोणत्या कलमावर बोट ठेवणार?

प्रयोगापासून अंमलापर्यंत या कायद्याला दहा वर्षे लागली. आता डिसेंबर २०२५ पाहा. मनरेगाच्या जागी नवा कायदा आणणारे विधेयक १६ डिसेंबरला लोकसभेत मांडले, १८ ला तिथे मंजूर झाले आणि त्याच रात्री, बारा वाजून गेल्यावर, राज्यसभेतही. कागदावर दिवस शंभराचे सव्वाशे झाले. पण खर्चाची वाटणी साठ-चाळीस झाली, चाळीस टक्के राज्याच्या माथी. पूर्वी अकुशल मजुरीचा सगळा पैसा केंद्र देत असे. शेतीच्या ऐन हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवायची तरतूदही आली. राज्ये आपला हिस्सा कशातून उभा करणार, हा वित्तीय प्रश्न आहे आणि तो एखाद्या समितीने आठवडे बसून सोडवायचा होता. विरोधकांनी समितीकडे पाठवा म्हटले, पाठवले नाही.

२०२० च्या तीन कृषी कायद्यांचेही तेच झाले. आमच्या चळवळीत त्या कायद्यांवर दोन मते होती आणि आजही आहेत, इथे तो वाद उकरत नाही. पण सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत आवाजी मतदानाने आणले, निवड समितीकडे दिले नाहीत, आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांत एकाच दिवसात चर्चेशिवाय घालवले. आणायचे म्हणणाऱ्याचे कोणी ऐकले नाही, घालवायचे म्हणणाऱ्याचेही नाही.

मग छाननी होते कुठे? आपल्या विधिमंडळात लोकलेखा समिती आहे, अंदाज समिती आहे, सार्वजनिक उपक्रम समिती आहे. लोकलेखा समिती खर्च होऊन गेल्यावर पाहते, म्हणजे पीक गेल्यावर पंचनामा. तो हवाच, पण त्याने पीक वाचत नाही. अंदाज समितीचे काम खात्यांचे अंदाज तपासून काटकसर सुचवण्याचे. आता तुम्ही हसाल, कारण मे २०२५ मध्ये हीच समिती धुळे जिल्ह्याच्या दौऱ्यावर असताना शासकीय विश्रामगृहाच्या खोलीत सुमारे एक कोटी चौऱ्याऐंशी लाखांची रोकड सापडली आणि विशेष तपास पथकाची घोषणा करावी लागली. 'समिती' म्हटले की आमच्या सभेत कोणी ना कोणी धुळ्याची आठवण काढतोच. काढू द्या. मापात खोट निघाली म्हणून कोणी मापाशिवाय कापूस विकत नाही. काटा तपासून घ्या म्हणतो आणि समोर उभा राहतो. बंद खोलीतल्या समितीला उत्तर उघड्या दाराची समिती हे आहे.

विधेयक पैशाच्या आधी, मंजुरीच्या आधी, समितीपुढे गेले पाहिजे. हे स्वप्न नाही. केरळ विधानसभेने १९८० पासून विषय समित्या नेमल्या. खात्यांच्या मागण्या तिथे समितीत तपासल्या जातात, विधेयकेही जातात. संसदेत १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या आहेत. अर्थसंकल्पाच्या मधल्या सुट्टीत त्या एकेका मंत्रालयाच्या मागण्या घेऊन बसतात, सचिवांना समोर बसवून विचारतात. महाराष्ट्रात विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवायची सोय आहे, पण ती सवय झालेली नाही. सरकारला फार बोचले तरच. जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त समितीकडे गेले, बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, समितीने काही शब्द बदलले आणि जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झाले. बदल पुरेसे होते का, यावर भांडण आहे. पण लोकांनी लिहिले आणि ते नोंदले गेले. जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या कृषी कायद्यांत दुरुस्त्या सुचवणारे तीन मसुदे राज्य सरकारने सभागृहात ठेवून दोन महिने हरकती मागवल्या होत्या. आपल्या किती तालुक्यांनी तेव्हा एक पोस्टकार्ड टाकले? त्या दोन महिन्यांत डवरणी होती, फवारणी होती, मान्य. तरीही.

आता आपल्याच घरातले बोलू. प्रत्येक जिल्हा मेळाव्यात ठराव होतो : हमीभावाचा कायदा करा. हात वर होतात, ठराव मंजूर. आमचे म्हणणे, या ठरावालाही वित्तीय ज्ञापन जोडा. नाहीतर आपणही सरकारसारखेच घोषणाबाज. ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत हमीभावाचे खासगी विधेयक मांडले गेले, ते या महाराष्ट्रातल्याच खासदाराने, राजू शेट्टींनी. पुढे काय झाले? खासगी सदस्याचे विधेयक संसदेत १९७० नंतर मंजूरच झालेले नाही, आणि तिजोरीला खर्च लावणारे असेल तर वर सरकारची शिफारसही लागते. रस्ता कुठे अडतो हे माहीत नसेल तर आपण दरवर्षी त्याच भिंतीवर डोके आपटणार.

हिशेब अवघड नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये, संकरित ज्वारीचा ३,६९९. कापसाची एक गाठ १७० किलो रुईची. रुईचा उतारा चौतीस टक्के धरला तर गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. राज्यात ऐंशी लाख गाठी पिकल्या असे धरा, म्हणजे चार कोटी क्विंटल. बाजारभाव हमीभावाच्या हजार रुपये खाली गेला आणि सगळाच कापूस त्या भावात विकला गेला, तर फरक भरायला चार हजार कोटी लागतील. हेक्टरी पाच हजार वाटताना जवळपास तेवढेच लागले होते. म्हणजे पैसा नाही हे खोटे. पैसा आहे, पण तो सरकारच्या मर्जीत ठेवायचा आहे, कलमात नाही.

फरक दोन हजारांवर गेला तर आकडा दुप्पट होईल, हेही आपणच सांगितले पाहिजे. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. ऐन वेचणीचा हंगाम. एका अधिसूचनेवर झाले, कोणत्या समितीने विचारले नाही की यामुळे भाव पडला तर कोण भरणार. हमीभावाच्या कायद्यात हे कलम पाहिजेच : शुल्क केंद्राने काढले, तर पडलेल्या भावाचा फरकही केंद्राने भरावा.

निधी कशाचा, यावर आपल्यात एकमत नाही. काहींना वाटते की उत्पादकाच्या चुकाऱ्यातून थोडे कापून निधी उभा करावा. आमचा याला विरोध आहे. १९७१ च्या कायद्याने आलेल्या एकाधिकार खरेदीत पुढे भांडवल निर्मितीसाठी तीन टक्के कापले जात, आणि ते परत मिळवायला किती खेटे घालावे लागले हे घराघरात ठाऊक आहे. तोच खड्डा दुसऱ्यांदा कशाला? व्यवसाय करासारखा बाहेरचा स्रोत शोधा. रुई, सूत, कापड या साखळीत मूल्य वाढत जाते, तिथे बघा. यावर जिल्ह्याजिल्ह्यात वाद होऊ द्या, कडाक्याचा होऊ द्या, पण आकड्यांवर.

एक गोष्ट वेळेची. विधिमंडळाची तीन अधिवेशने आणि आपले कॅलेंडर शेजारी ठेवून पाहा. मार्चमध्ये रब्बी ज्वारीची काढणी, कडबा बांधणी. जून-जुलैत पेरणी. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरते तेव्हा विदर्भात वेचणीला मजूर मिळत नसतो. एकाही अधिवेशनाला कास्तकार मोकळा नाही. समित्या मात्र दोन अधिवेशनांच्या मध्ये बसू शकतात, आणि जिल्ह्यात येऊनही बसू शकतात. एप्रिल-मे मध्ये, उन्हाने शेते रिकामी असतात तेव्हा.

म्हणून या मेळाव्यापुढे आम्ही जो ठराव ठेवत आहोत तो एवढाच आहे. शेतमालाचा भाव, पीकविमा, कर्ज आणि रोजगार हमी यासंबंधीचे कोणतेही विधेयक संयुक्त समितीकडे गेल्याशिवाय मंजूर करू नये, आणि समितीने अकोला, यवतमाळ, परभणी व जळगाव इथे उघडी सुनावणी घ्यावी, तीही एप्रिल-मे मध्ये. ठरावाची प्रत विधान भवनात सचिवांकडे आणि विनंती अर्ज समितीकडे जाईल. प्रत्येक तालुक्याने आपल्या आमदाराची त्यावर सही आणावी. जो सही करणार नाही त्याचे नाव पुढच्या अंकात, कारणासह, छापू. सहीचे कोरे नमुने मंडपात पुस्तकांच्या टेबलावर ठेवले आहेत, जेवणाच्या सुट्टीच्या आधी घेऊन जा.